पराभवाचे वतनदार

जिंकणाऱ्या संघाचा चाहता होण्यास अंगी कोणताही विशेष गुण असावा लागत नाही. मिरवणूक निघाली म्हणजे तीत कोणीही शिरतो आणि गुलाल कोणाच्याही कपाळास लागतो. परंतु जो संघ हरतो, हरून पुन्हा खेळावयास उतरतो, पुन्हा हरतो, आणि चुकून जिंकण्याच्या बेतात आलाच तर काहीतरी अघटित घडवून आणून त्या संकटातून स्वतःची सुटका करून घेतो, अशा संघावर तीन-तीन पिढ्या जीव लावून बसणे, त्याच्या हरण्याचा हिशेब टिपून ठेवणे आणि तो मुलाच्या हवाली करून डोळे मिटणे, याला नुसती हौस म्हणता यावयाचे नाही; ते वतनच होय. पाटीलकी, कुळकर्णपणा, देशमुखी यांप्रमाणेच हेही वडिलार्जित असते, त्याचे उत्पन्न नाममात्र आणि अभिमान अपरंपार असतो, आणि ते सोडून द्यावे हा विचार वतनदाराच्या मनास शिवत नाही; कारण ते सोडले तर मग आपण कोण, असा बिकट प्रश्न उभा राहतो. अमेरिकेतील शिकागो शहराच्या उत्तर भागात अशा वतनदारांची दाट वस्ती असून, ‘कब्स’ या तेथील बेसबॉल संघाने त्यांचे वतन १०८ वर्षे निर्वेधपणे चालविले.

काळाचा अदमास यावा म्हणून सांगतो. १९०८ च्या जुलैत मुंबईस लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात कब्सनी डेट्रॉइटच्या संघास नमवून सलग दुसऱ्यांदा अजिंक्यपद मिळविले. पुढे लोकमान्य मंडालेच्या तुरुंगात निष्काम कर्मयोगावर ग्रंथ लिहावयास बसले, त्याच सुमारास शिकागोत त्याच्या प्रात्यक्षिकास आरंभ झाला: १९१० साली कब्स अंतिम मालिकेपर्यंत पोहोचून हरले, आणि १९१८, १९२९, १९३२, १९३५, १९३८ व १९४५ या साली तीच कामगिरी त्यांनी चोख बजावली. १९४५ नंतर तर अंतिम मालिकेत जाऊन हरण्याचाही प्रसंग त्यांच्यावर येईना. देश स्वतंत्र झाला, संस्थाने विलीन झाली, संयुक्त महाराष्ट्र झाला, मनुष्य चंद्रावर जाऊन परत आला. कब्सचा अर्ज मात्र ‘विचाराधीन’ या शेऱ्यानिशी दप्तरी पडून राहिला.

बेसबॉल हा खेळही या वतनास फार अनुकूल आहे. क्रिकेटमध्ये पराभव पाहावयाचा तर पूर्वी पाच दिवस रजा काढावी लागे. बेसबॉलने ती सोय रोजच्या रोज करून दिली आहे. एप्रिलच्या सुमारास मोसम उघडतो, सप्टेंबर सरता सरता संपतो, आणि तेवढ्या अवधीत प्रत्येक संघास १६२ सामने खेळावे लागतात. उत्तमोत्तम संघही त्यांतले साठेक सामने हरतो, आणि दहा खेपांपैकी ज्याला तीन खेपा चेंडू धड मारता येतो तो फलंदाज थोर गणला जातो. असे असल्यामुळे चाहत्यास दुःख एकरकमी न मिळता हप्तेबंदीने मिळते. त्याची प्रथम सवय होते, सवयीची पुढे गोडी लागते, आणि एकदा गोडी लागली की वैद्यही हात टेकतो. ऑक्टोबरात ‘पुढल्या वर्षी बघा’ असे म्हणून जो मनुष्य टोपी खुंटीस अडकवितो, तोच मार्चमध्ये ती झटकून डोक्यावर चढवितो. मधल्या पाच महिन्यांत त्याचा संघ एकही सामना हरलेला नसतो, ही गोष्ट त्यास पुरेशी आशादायक वाटते.

आमचे साडू १९६९ च्या ऑगस्टात यंत्रशास्त्राच्या उच्च शिक्षणासाठी सांगलीहून शिकागोस गेले. त्यांचे कॉलेज शहराच्या दक्षिण भागात. त्या भागात व्हाइट सॉक्स नावाचा दुसरा संघ, आणि त्याचे मैदान कॉलेजपासून हाकेच्या अंतरावर. तेव्हा भूगोलाच्या न्यायाने त्यांनी व्हाइट सॉक्सचेच व्हावयास हवे होते. परंतु स्वस्त खोली मिळाली ती उत्तरेस, एका पोलिश वृद्धाच्या घरी, आणि हा घरमालक बापजाद्यांपासून कब्सचा वतनदार निघाला. त्या महिन्यात कब्स आपल्या गटात एवढे आघाडीवर होते की, आमच्या साडूंनी गणिती बुद्धीने सर्व बाजूंचा विचार करून, निवडणुकीचा रंग पाहून पक्ष निवडणाऱ्या पुढाऱ्याच्या धोरणीपणाने, विजयी पक्षात प्रवेश केला. सप्टेंबरच्या ९ तारखेस न्यूयॉर्कच्या मैदानावर एक काळे मांजर कोठूनसे अवतरले, आपली पाळी येण्याची वाट पाहत उभ्या असलेल्या रॉन सँटो या कब्सच्या फलंदाजाच्या पाठीमागून गेले, आणि संघाच्या बाकांपुढून सावकाश चालत निघाले. मोसम संपला तेव्हा न्यूयॉर्कचे मेट्स १०० सामने जिंकून अग्रस्थानी आणि कब्स ९२ जिंकून घरी होते. मांजर आडवे गेले म्हणून चार पावले मागे फिरणाऱ्या स्वतःच्या वडिलांशी सांगलीच्या भर रस्त्यात वाद घालणारे आमचे साडू, त्या रात्री घरमालकास, ‘मांजर सबंध काळे होते, की पायाशी थोडे पांढरे होते?’ असे विचारते झाले. वतनपत्रावर सही झाली ती त्याच घटकेस.

वतन म्हटले की दप्तर आलेच. बेसबॉलचा निष्ठावंत प्रेक्षक सामना नुसता पाहत नाही, तो लिहितो. आखीव कागदावर डावीकडे फलंदाजांची नावे, वरती नऊ डावांचे रकाने, आणि प्रत्येक चौकोनात त्या खेपेचा निकाल. क्षेत्ररक्षकांस नावे नसतात, अंक असतात: पिचर १, कॅचर २, पहिल्या बेसचा ३, याप्रमाणे थेट उजव्या कोपऱ्यातील ९ पर्यंत. ‘६-४-३’ एवढे लिहिले म्हणजे शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून दुसऱ्या बेसवर दिला, तेथून तो पहिल्या बेसवर गेला, आणि एका चेंडूवर दोन गडी गारद झाले, एवढी हकीकत जाणत्यास कळते. बॅट फिरवून फलंदाज फसला तर ‘के’ हे इंग्रजी अक्षर सरळ काढावयाचे. शेवटचा चेंडू समोरून जाताना तो नुसता पाहत उभा राहिला असेल तर तेच अक्षर उलटे. आमच्या साडूंच्या तळघरात अशा वह्या वर्षवार लावून ठेवलेल्या असून त्यांत उलट्या ‘के’चा भरणा एवढा आहे की, अनभिज्ञ मनुष्यास ती एखादी अपरिचित लिपीच वाटावी. पाहुणा घरी आला म्हणजे इतर लोक लग्नाचे फोटो काढतात. आमचे साडू १७ मे १९७९ चे पान काढतात. त्या दिवशी फिलाडेल्फियाविरुद्ध कब्सनी २२ धावा केल्या. एरवी चार-पाच धावांत सामने निकालात निघणाऱ्या या खेळात २२ धावा म्हणजे अतिवृष्टीच. परंतु फिलाडेल्फियाने २३ केल्या. पानावर इतके लिहावे लागले आहे की कागद शिशाने चकाकतो, आणि दहाव्या डावाच्या रकान्यात पेन्सिलीचे टोक मोडल्याचे छिद्रही साडू बोट लावून दाखवितात.

या संसारात आमच्या मेहुणीबाईंचे स्थान तटस्थ राष्ट्राचे आहे. सायंकाळी त्या स्वयंपाकघरातून ‘अहो, जिंकले का तुमचे?’ एवढेच विचारतात. उत्तर न आल्यास आमटी गरम करावयास ठेवतात, आणि उत्तर आल्यास आणखी अर्धा तास ठेवीत नाहीत, कारण त्या अवधीत साडू सामन्याचा समग्र वृत्तान्त आरंभापासून सांगणार हे त्यांना ठाऊक असते.

कब्सचे मैदान ‘रिग्ली फील्ड’ या नावाने प्रसिद्ध आहे. लोकमान्य मंडालेहून सुटून आले त्या १९१४ सालचे हे बांधकाम. कब्स तेथे १९१६ साली राहावयास आले. साडूंच्या समागमे तेथे जाण्याचा योग आला तेव्हा त्या स्थळाचा जुनेपणाचा हट्ट मला फार मानवला. मैदानाच्या विटांच्या भिंतीवर १९३७ साली लाविलेली वेल आहे. चेंडू तिच्यात अडकला तर क्षेत्ररक्षक दोन्ही हात वर करून आपली असमर्थता जाहीर करतो आणि फलंदाजास दोन बेस बहाल होतात. धावफलकावरील आकडे आजही आत बसलेली माणसे हाताने बदलतात. इतर मैदानांवर विजेचे दिवे येऊन अनेक दशके लोटली तरी येथे १९८८ पर्यंत सर्व सामने दिवसाउजेडीच होत, त्यामुळे कितीएक इमानदार नोकरदारांवर आजीच्या निधनाची सबब वारंवार सांगण्याची पाळी आली. अखेर त्या वर्षीच्या ८ ऑगस्टला दिवे लागले, आणि चौथ्या डावात पाऊस येऊन तो सामना वाहून गेला. सामना संपला म्हणजे धावफलकावर निशाण चढते: जिंकल्यास पांढऱ्यावर निळे ‘डब्ल्यू’, हरल्यास निळ्यावर पांढरे ‘एल’, म्हणजे उंचावरील रुळांवरून जाणाऱ्या गाडीतील माणसास खाली न उतरताच आपल्या सायंकाळच्या मनःस्थितीचा हुकूम मिळतो.

मी गेलो त्या दिवशी प्रतिपक्षाच्या फलंदाजाने मारलेला होमरन आमच्या पुढल्या रांगेत येऊन पडला, आणि एका पोक्त गृहस्थाने मोठ्या चपळाईने तो झेलला. असा चेंडू अन्यत्र लोक जन्मभर काचेच्या पेटीत जपतात. येथे मात्र क्षणार्धात सारा सज्जा ‘परत फेक’ म्हणून गर्जू लागला. गृहस्थाने चेंडूकडे पाहिले, शेजारी बसलेल्या मुलाकडे पाहिले, हजारो लोकांकडे पाहिले, आणि उभे राहून शत्रूचा तो प्रसाद मैदानात भिरकावून दिला. टाळ्यांचा जो कडकडाट झाला तसा त्या दिवशी कब्सच्या वाट्यास आला नाही. साडू मला म्हणाले, ‘पाहिलेत? दान नाकारण्यालाही घराणे लागते.’

या वतनाचे दप्तर चाळू लागले की एकाहून एक फर्मास प्रकरणे हाती येतात. १९६१ साली संघाच्या धन्याने, जो च्युइंगगमचा मोठा कारखानदार होता, एका व्यवस्थापकाऐवजी प्रशिक्षकांचे मंडळच नेमले आणि त्यांनी पाळीपाळीने कारभार पाहावा असे ठरविले. समिती नेमल्यावर कामाचे काय होते हे त्यास आपल्याकडील कोणत्याही नगरपालिकेने फुकट सांगितले असते; पुढल्याच वर्षी कब्स १०३ सामने हरले. १९६४ साली लू ब्रॉक नावाचा उमदा खेळाडू त्यांनी सेंट लुइसच्या हाडवैऱ्यांस देऊन त्याच्या मोबदल्यात एक पिचर घेतला. त्याच वर्षी सेंट लुइस ब्रॉकसह अजिंक्य झाले, आणि मोबदल्यातल्या पिचरने कब्ससाठी सगळे मिळून ७ सामने जिंकून दिले. अर्नी बँक्स हा सदाहसतमुख पुरुषोत्तम या संघातून २,५२८ सामने खेळला, ५१२ होमरन त्याने मारले, ‘आज दोन सामने खेळू या’ असे म्हणण्याबद्दल त्याची ख्याती. पण मोसमानंतरच्या निर्णायक सामन्यांत पाऊल टाकण्याचे भाग्य त्याच्या कपाळी एकदाही आले नाही.

या सर्वांचे मूळ कारण म्हणून जो दाखविला जातो तो एक बोकड आहे. विल्यम सियानिस नावाचा ग्रीक गुत्तेवाला १९४५ च्या अंतिम मालिकेतील चौथ्या सामन्यास आपला पाळीव बोकड घेऊन आला. बोकडाचे रीतसर तिकीट होते, तरी त्याच्या वासाविषयी तक्रार होऊन दोघांची बोळवण झाली, आणि संतापलेल्या मालकाने ‘येथे पुन्हा अंतिम मालिका होणार नाही’ अशा आशयाचा शाप दिला, अशी आख्यायिका आहे. दुर्वासांनंतर इतका टिकाऊ शाप कोणाला साधला नसेल. मालिकेत तोवर पुढे असलेले कब्स ती हरले. बोकडाचे नाव मर्फी होते. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे, पुढे काम पडणार आहे.

मग १९८४ साली अंतिम मालिकेच्या उंबरठ्यावर पाचांपैकी तीन सामने जिंकावयाचे असताना पहिला सामना १३-० असा आणि दुसराही जिंकून झाल्यावर, उरलेले तिन्ही सान दिएगोस अर्पण झाले; शेवटच्यात एक सोपा सरपटी चेंडू पहिल्या बेसवरील खेळाडूच्या दोन्ही पायांमधून निघून गेला. २००३ साली तर अंतिम मालिका अवघ्या पाच बळींवर आली होती. आठवा डाव, ३-० अशी आघाडी, आणि डाव्या कडेला उंच उडालेला चेंडू. क्षेत्ररक्षक झेपावला, कठड्याशी बसलेल्या प्रेक्षकांपैकी काहींनी हात पुढे केले, आणि एकाच्या हातास लागून चेंडू निसटला. तेवढ्यावर भागले असते; पण त्यानंतर शॉर्टस्टॉपने हातचा चेंडू सोडला, फ्लोरिडाच्या संघाने त्या एका डावात आठ धावा काढल्या, आणि दुसऱ्या दिवशीचा सामनाही जिंकला. नऊ खेळाडूंचा अपराध एका प्रेक्षकाच्या खाती घालून शहर मोकळे झाले. त्या बिचाऱ्यास पोलिसांच्या पहाऱ्यात बाहेर न्यावे लागले. आणि तो चेंडू लिलावात १,१३,८२४ डॉलरला विकत घेऊन पुढल्या फेब्रुवारीत लोकांसमक्ष स्फोटाने उडवून देण्यात आला. विज्ञानाच्या जोरावर चंद्रावर गेलेले राष्ट्र शांतिकर्मासही विज्ञानच वापरते, याचे मला कौतुक वाटले.

२०१५ साली वतनदारांच्या आशेस एका चित्रपटाचा आधार मिळाला. १९८९ च्या ‘बॅक टू द फ्यूचर’च्या दुसऱ्या भागात नायक भविष्यकाळात जातो, तेव्हा तेथे कब्स २०१५ साली अजिंक्य झाल्याचे दिसते, आणि तो दिवस २१ ऑक्टोबर असतो. प्रत्यक्षातल्या २१ ऑक्टोबरला मेट्सनी कब्सना सलग चौथ्यांदा हरवून घरी पाठविले. या पराभवाचा मुख्य शिल्पकार, सलग सहा सामन्यांत होमरन मारणारा मेट्सचा वीर, डॅनियल मर्फी नावाचा होता. साडूंनी त्या रात्री वहीत फक्त ‘मर्फी’ असे लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

आणि मग २०१६ उजाडले. एके काळी १०३ सामने हरणाऱ्या या संघाने १०३ सामने जिंकले. अंतिम मालिकेत क्लीव्हलँडविरुद्ध १-३ अशी पिछेहाट झाली तेव्हा वतनदारांचा जीव भांड्यात पडला होता; पण कब्सनी पुढले दोन्ही सामने जिंकून बरोबरी साधली, आणि घरोघर धास्ती पसरली. सातव्या सामन्याच्या रात्री साडू स्वयंपाकघरातील तीन पायांच्या स्टुलावर बसून होते, कारण पाचवा सामना त्यांनी तेथून जिंकला होता. आणि मेहुणीबाई धुतलेल्या कपड्यांची टोपली कमरेवर घेऊन जिन्याच्या मधल्या पायरीवर स्थानबद्ध होत्या, कारण त्या तेथे असताना पहिली धाव झाली होती. आठव्या डावात क्लीव्हलँडचे दोन गडी बाद, तीन धावांची आघाडी, आणि तेवढ्यात राजाय डेव्हिसच्या होमरनने ६-६ अशी बरोबरी झाली. नववा डाव कोरा गेला आणि पाऊस आला. खेळ १७ मिनिटे तहकूब झाला, त्या अवधीत साडूंनी पुण्यास मला फोन लाविला. आमच्याकडे सकाळच्या चहाची आवराआवर चालली होती.

‘काय होईल असे वाटते?’ मी विचारले.

‘होईल ते होवो,’ साडू खालच्या पट्टीत म्हणाले, ‘पण खरे सांगू? जिंकले तर उद्यापासून काय करावयाचे, याची काहीच तयारी नाही हो.’

पाऊस थांबला. दहाव्या डावात बेन झोब्रिस्टने चेंडू डाव्या कडेने धाडला, कब्सच्या दोन धावा झाल्या, क्लीव्हलँडला एकच काढता आली. शेवटचा चेंडू उचलून क्रिस ब्रायंटने पहिल्या बेसकडे फेकला तेव्हा त्याचा पाय ओल्या गवतावर घसरला, आणि १०८ वर्षांच्या परंपरेस स्मरून तो पडणार असे क्षणभर वाटले. परंतु तो हसत होता, आणि चेंडू पोहोचला. ८-७. शिकागोत लोकांनी रिग्ली फील्डच्या विटांवर आपल्या दिवंगत वडिलांची, आज्यांची, मामांची नावे रंगीत खडूने लिहून भिंती भरून टाकल्या. साडूंनीही आपल्या पोलिश घरमालकाचे नाव लिहिले, आणि खडूचे हात धुऊन घरी आल्यावर त्यांच्या ध्यानात आले की आपले वतन खालसा झाले आहे.

त्यापुढील काळ त्यांना जड गेला. मैदानासमोरील एका इमारतीवर, गटविजय, लीगविजय आणि अजिंक्यपद यांना किती वर्षे लोटली ते दर्शविणारा फलक असे. त्यावरील आकडे उतरून शून्यांची रांग लागली. थकबाकीचा सर्वांत जुना बोजा आता क्लीव्हलँडच्या खाती वर्ग झाला, कारण त्यांचे शेवटचे अजिंक्यपद १९४८ चे. त्यांच्याविषयी बोलताना साडूंच्या आवाजात दया आणि मत्सर यांचे मिश्रण होऊ लागले. कचेरीत नव्या टोप्या घातलेली पोरेसोरे ‘आपला संघ’ म्हणू लागली. २००३ च्या त्या प्रेक्षकास संघाने २०१७ साली विजेत्यांची अंगठी सन्मानपूर्वक दिली, म्हणजे जुना कज्जाही निकालात निघाला. राग धरावयास मनुष्य नाही, दोष द्यावयास बोकड नाही. अशा निर्वातात साडू पहिल्याने म्हातारे दिसू लागले.

सुदैवाने संघास त्यांची दया आली. २०१८ साली मोसमाच्या अखेरीस स्वतःच्याच मैदानावर लागोपाठच्या दोन दिवशी दोन निर्णायक सामने हरून कब्स बाहेर पडले, त्यांतला दुसरा १३ डावांपर्यंत लांबवून. आणि २०२१ च्या जुलैत ब्रायंट, रिझो व बायेझ या विजयाच्या तीन खांबांस दोन दिवसांत निरनिराळ्या संघांकडे रवाना करण्यात आले. त्या आठवड्यात साडूंचा फोन आला तेव्हा त्यांचा स्वर इतका खणखणीत होता की मी आधी अभिनंदन केले आणि मग कशाबद्दल ते विचारले. नवी वही आली होती, पेन्सिली आल्या होत्या, नातवास उलटा ‘के’ काढावयास शिकविणे सुरू झाले होते. त्या नातवाने मध्येच विचारले, ‘आजोबा, आता पुन्हा केव्हा जिंकणार?’ साडूंनी वहीच्या समासात आकडेमोड केली आणि मागील दराने हिशेब करता २१२४ साल निघत असल्याचे त्यास सांगितले. मग क्षणभर थांबून, खोटी आशा लावू नये पण अगदी नाउमेदही करू नये अशा वडीलकीच्या सुरात ते म्हणाले, ‘पिचरचा खांदा बरा झाला, तर एखादे वर्ष आधीही जमेल.’